शिंपल्यांच्या खिडकीची खोली

जुन्या चुन्याला एक वास असतो. भिजलेल्या शिंपल्यांचा, किंचित खारट, रिकाम्या रांजणाच्या तळासारखा. त्यावर ऑइलपेंट चढवला तरी तो मरत नाही, नुसता गुदमरतो. वसईच्या त्या हॉटेलात पाऊल टाकले तेव्हा मला आधी तो गुदमरलेला वास आला, आणि मग फिनेलचा, नव्या सनमायक्याखालच्या सरसाचा.

इमारत एका मिठाच्या व्यापाऱ्याने फार पूर्वी बांधलेली. हातभर जाडीच्या भिंती, सागवानी जिना, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने. त्यांतून ऊन दुधासारखे गाळून येई. व्यापाऱ्याचे वंशज पांगले आणि ऐंशीनंतर कुणीतरी तिचे हॉटेल केले. माडीवर खोल्या, तळाला लग्नाचा हॉल, काउंटरपाशी रंगीत टीव्ही. माझ्या खोलीत खिडकीतली चार तावदाने काढून तिथे एअरकंडिशनर बसवला होता. त्याच्या थरथरीने उरलेली तावदाने थंडीत दात वाजावेत तशी वाजत.

माझे माहेर तिथून चालत वीस मिनिटांवर होते. आपल्याच गावात खोली घेऊन राहणारी लेक त्या गावाने तोवर पाहिली नसावी. नोंदवहीत कायमचा पत्ता लिहिताना माझा हात अडला नाही. ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी मात्र मी बराच वेळ पेन धरून उभी होते. शेवटी ‘खाजगी’ असे लिहिले.

कारण असे होते. आठ वर्षांपूर्वी मी जातीबाहेर लग्न करून विदर्भात गेले, आणि बाबांनी माझ्या नावाने आंघोळ केली. त्यानंतर घरून अक्षर आले नाही. मग या आठव्या वर्षी शेजारच्या मावशीचे पत्र आले: तुझा भाऊ वाडी विकतो आहे, दिवाळीनंतर घर पाडतील, माणिकपूरसारख्या इमारती इथेही उठतील. ते घर पडण्याआधी मला एकदा त्याच्या आत जायचे होते. कुणाच्या नकळत नव्हे. उंबऱ्यावरून, कुणीतरी आत घेतल्यावर. लेकीला माहेरी न्यायला माहेरचे माणूस यावे लागते. म्हणून मावशीच्या हाती मी आईला निरोप धाडला. शनिवारी मी या हॉटेलात असेन. बाबांनी होकार दिला, तर तू न्यायला ये.

शनिवारी सकाळी न्हाऊन, नवी नागपुरी साडी नेसून मी खिडकीशी बसले. तिथून पुढचे फाटक दिसत होते. खाली लग्नाची गडबड होती. बँडवाले वाद्ये पुसत होते, कुणी मांडवाला कागदी फुले अडकवत होते. आठ वाजले, साडेआठ वाजले. फाटकातून येणारी प्रत्येक नऊवारी मी दुरून आईची ठरवत होते आणि जवळ आल्यावर परत करत होते. नऊच्या सुमारास केर काढायला आलेली खाडीकडची बाई दारात टेकली.

“बाय, तुमीच का त्या विदर्भातल्या?”

“हो. का?”

“खाली मागच्या पायरीवर फुलांवाली म्हातारी बसलेय. तास झाला. पानी पन नको म्हनते. माडीकडे बोट करून इचारत होती, विदर्भातली उठली का म्हनून.”

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. मी पुढच्या दाराकडे डोळे लावून बसले होते, आणि आई, जी जन्मात कुणाच्या पुढच्या दाराने गेली नव्हती, ती स्वयंपाकघरामागे, कांद्याच्या पोत्यांशेजारी बसली होती. केस पांढरे झाले होते. ती न्यायला आली, एवढेच एक वाक्य माझ्या अंगभर झाले होते. मग मला तिच्या शेजारची टोपली दिसली. ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या वेण्या, लग्नाच्या.

“वर चल,” मी म्हणाले.

“वर कशाला गो? पाय भरलेत चिखलाने.”

पण ती आली. कठड्यावर तळवा टेकत, प्रत्येक पायरी तपासत. “लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात फुलं घालते. शेठाणीच्या देवाला मीच द्यायची. जिना आज चढतेय.”

खोलीत ती पलंगावर बसली नाही. गादी बोटाने दाबून पाहिली आणि खाली फरशीवर बसली. यंत्राच्या वाऱ्यापुढे हात धरून म्हणाली, “ह्यात वेण्या ठेवल्या तर दोन दिवस सुकणार नाहीत.” मग मला जवळ ओढून तिने माझे केस हुंगले. “शाम्पू,” ती म्हणाली, दूध नासल्यावर सांगावे तशा आवाजात.

मी चहा मागवला. तिने कप माझ्याकडे सरकवला.

“लेकीच्या घरचं पाणी नाही घेत मी. पोर झालं की घेईन.”

“आई, हे हॉटेल आहे. इथे माझं काय आहे?”

“खोली तू घेतलीस ना? मग आजच्यापुरतं तुझंच घर.”

आठ वर्षांत पोर झाले नव्हते, होणारही नव्हते. ते तिला सांगायला माझ्याजवळ शब्द होते, पण ते सगळे छापील होते. चहावर साय धरली.

“बाबा काय म्हणाले?” मी विचारले.

तिने टोपलीवरचे फडके सारखे केले. “विचारलं नाही.”

“निरोप मिळाला नव्हता का?”

“मिळाला. विचारून काय व्हायचं? नाही म्हणाले असते, आणि मग मला इथे फुलं घालायलाही येऊ दिलं नसतं. लग्नाच्या वेण्या सांगितल्या नसत्या ना, तर आजही आले नसते.”

“माझ्यासाठी अनुमती मागायची तर निदान...”

“अनुमती,” ती म्हणाली. “पुस्तकातलं बोलायला लागलीस. घरातलं विसरलीस.”

विसरले नव्हते. तोंडाशी येत होते आणि तिथेच अडत होते. मी म्हणाले, “मागून येते. बावखलाकडून. बाबा वाडीत असतील तेवढ्यात.” आमच्या वाडीतले ते गोड्या पाण्याचे तळे, त्याच्या काठाने सरळ मोरीच्या दारापाशी निघता येई.

“बावखल बुजवलं. पावसाआधीच डबर टाकलं. आठ दिवस घरात बेडूक येत होते. चुलीमागे, अंथरुणात. मी सुपात भरून बाहेर नेऊन सोडायची, तर सोडायचं कुठे?”

“आणि घर?”

“कौलं उतरवली. पडवीत निजतो आम्ही.”

“मावशी तर दिवाळीनंतर म्हणाली.”

“तिला काय ठाऊक.”

“मग पडवीत येते. पाच मिनिटं. टेकते आणि निघते.”

आईने माझ्याकडे पाहिले नाही. ती तावदानातून येणाऱ्या उजेडाकडे पाहत होती. “पडवी अजून तुझ्या बाबांची आहे, बाय,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

आम्ही खाली आलो. हॉलमध्ये तिने वेण्या दिल्या. काउंटरवरचा मॅनेजर हसला.

“काय मावशी, आज माडीवरून? रूम बुक केली की काय?”

“केली की. गादी मऊ आहे तुमची, पण माणूस रुततो.”

“आणि या बाई ओळखीच्या वाटतं?”

“नाही ओ,” आई म्हणाली. “वेण्या बघायच्या होत्या त्यांना.”

तो पुन्हा टीव्हीकडे वळला. मी तिच्यामागे मागच्या दारापर्यंत गेले. तिच्या पदराला मोगऱ्याचा आणि ओल्या सुतळीचा वास होता, आणि आत फोडणीत कांदा पडला होता. रिकामी टोपली कमरेवर घेऊन ती निरोप न घेता पायरी उतरली. तिथे माझा धीर सुटला.

“आई, येते म्हण,” मी हळूच म्हणाले, काउंटरपर्यंत जाणार नाही अशा आवाजात.

ती थांबली. टोपलीतले फडके तिने पिळले, झटकले, घडी करून खांद्यावर टाकले. मग माझ्याकडे नीट, पुरते पाहिले.

“जाते.”