राजा अजून मरायलाय

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी एक शोकांत नाटक होतं आणि त्यातला राजा मीच. बोरीच्या बाजाराला गेलो तरी लोक ओळखतात. शेवटच्या अंकात माझ्या छातीत कट्यार बसते, आणि मग मी जो मरायला लागतो तो निवांत मरतो. नियतीला जाब विचारतो, फितूर मुलाला क्षमा करतो, राणीला 'प्राणप्रिये' म्हणतो. सगळी पुस्तकी मराठी, घरी कधी तोंडातून न येणारी. समोर बायकांच्या घोळक्यात माझी बायको बसलेली असते. ती रडली की माझं नाटक झालं. बाकीच्यांच्या टाळ्यांचं मला फारसं काही नाही, पण हे मी कुणाला बोललेलो नाही.

माझा धाकटा चुलतभाऊ त्याच नाटकात भालदार. वर्षानुवर्षं भाला धरून उभा आणि वाक्य एकच, महाराजांचा विजय असो. गेल्या जत्रेत आमचं नाटक झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं दोस्तांना घेऊन एक फार्स केला. मुकुट माझाच मागून नेला, आणि मी येड्यासारखा दिलाही.

पडदा वर गेला तेव्हा त्याच्या छातीत कट्यार आधीच घुसलेली. "मरायलोय," असं म्हणत तो इकडून तिकडं चालत राहिला. मधेच तोंडाला हात आडवा लावून त्यानं स्वगत म्हटलं, की या भालदारावर माझा भरवसा नाही. तर लांबून भालदार झालेला दोस्त बोलला, "ऐकू यायलंय, महाराज." राणी रडत आली, तिला म्हणाला, थांब जरा, माझं व्हायचंय अजून. चहा आला. तो प्याला, कप परत दिला आणि पुन्हा कोसळला. लोक पोट धरून हसत होते.

मी पहिल्या रांगेत बसून जळत होतो. माझा अडकणारा श्वास, माझा थरथरणारा डावा हात, भाला धरून उभ्या उभ्या सगळं उचललं होतं त्यानं. डोळे मिटायच्या आधी त्यानं मान वर करून बायकांच्या बाजूला बघितलं. आडवा झाला. पुन्हा मान वर, पुन्हा तिकडंच. बायकांत नुसता हशा. हे त्यानं कुठून आणलं ते मला कळेना. मागं वळलो तर माझी बायको शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. एवढं हसताना मी तिला आमच्या सगळ्या संसारात पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी चहाच्या टपरीवर गेलो, तर उशिरा येणाऱ्या एसटीलाही लोक म्हणत होते, राजा अजून मरायलाय. चहा न घेताच घरी आलो.

बायको ज्वारी निवडत होती आणि मधेच स्वतःशी हसत होती. मी म्हणालो, दात काढायला लावणं सोपं असतं. कुणाला रडवून दाखव म्हणावं त्याला. माझ्या मरणाला तू दरसाल रडतेस, त्याला नाटक म्हणतात.

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"रडते कुठं," ती म्हणाली. "डोळ्याला पदर लावल्याबिगर तुमी मरतच न्हाई, अन् लोकायला घरी जायचं असतंय."