तळमजल्यावरचे भूकंपकाका

प्रिय सई आणि ओजस,

मागच्या रविवारी तुमचा बाबा फोनवर विचारत होता की घर रिकामं करताना मी काय काय टाकून दिलं, आणि मागून सईचा आवाज आला, "आजी, भूकंपकाकांचा नकाशा पण टाकला?" या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर दिलं नाही, कारण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. पुढच्या महिन्यात आमची इमारत पाडणार आहेत. तुम्ही पुन्हा याल तेव्हा तिथे एक मोठा खड्डा असेल, नाहीतर एक उंच टॉवर असेल, आणि दोन्हींकडे कितीही वेळ पाहिलं तरी तुम्हाला काकांचा पत्ता लागणार नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. बाबाकडून वाचून घ्या, म्हणजे त्याचंही मराठी वाचन सुटायचं नाही.

तर, पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जमीन हलली की तिथल्या माणसांच्या खालोखाल ती भाईंदर पूर्वेत, आमच्या तळमजल्यावरच्या काकांना जाणवते. मोबाइलवर सूचना येते, हे खरं. पण सूचना यायच्या आधीच त्यांनी चष्मा शोधायला घेतलेला मी पाहिला आहे. इंडोनेशिया, चिली, अफगाणिस्तान, ग्रीस, सगळी त्यांची रोजच्या उठबशीतली ठिकाणं. स्वतः ते लातूरहून मुंबईला आले आणि मुंबईहून भाईंदरला, त्यापलीकडे कुठे गेले नाहीत. पण फिलिपिन्सच्या कुठल्या बेटाखाली किती खोलवर काय सरकलं हे ते अशा आवाजात सांगतात, जसं आपण शेजारच्यांच्या नळाबद्दल बोलतो.

ते तळमजल्यावर का राहायचे, हे तुम्हाला माहीत आहे. डोक्यावर छत कमी असावं असं नाही, त्यांच्यावर तर अख्खी इमारत उभी होती. पण दारातून बाहेर पडायला एक ढांग पुरावी, एवढं त्यांना पाहिजे होतं. जागा घेताना त्यांनी एजंटला एवढंच विचारलं की दारापासून आवार किती लांब आहे. पाण्याबद्दल विचारायचं राहून गेलं. त्यामुळे दर जुलैत त्यांच्या घरात गुडघाभर पाणी यायचं. फ्रीज विटांवर, पलंग विटांवर, आणि पलंगावर मांडी घालून काका, हातात मोबाइल, समोरून त्यांचीच चप्पल होडीसारखी चाललेली. मी एकदा जिन्यावरून विचारलं, अहो, जो भूकंप इथे कधी होत नाही त्याच्यासाठी तुम्ही दरवर्षी पुरात कशाला बसता? ते म्हणाले, "पाणी येतंय तसं जातंय बी, ताई. छत एकदा आलं की जात नाही."

बोलायची त्यांची ही पद्धत नोकरीतून आली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तार ऑफिसात घालवली, आणि शब्दाला पैसे पडतात ही भावना निवृत्तीनंतरही गेली नाही. जिना चढायचा नाही हा नियम असल्यामुळे वरच्या मजल्यांशी त्यांचा सगळा व्यवहार आवारातून, मान वर करून, आणि तारेच्या भाषेत. आमच्यापैकी कुणाचं कोण कुठल्या देशात आहे हे त्यांना पाठ. तिथे जमीन हलली की ते त्या खिडकीखाली उभे. माझ्या वाट्याला, तुमच्यामुळे, जपान असल्यामुळे ते सर्वांत जास्त माझ्याच खिडकीखाली असत. "ताई. जपान. पाच. खोल. फोन." मग मी तुम्हाला फोन लावायचा, खिडकीतून हात हलवायचा, आणि मगच ते आत जायचे. तुम्ही सांगायचात की आजी, आम्हाला कळलंसुद्धा नाही. पण हात हलवल्याशिवाय सुटका नसे. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेनचा मुलगा फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकतो. तिला ते हिंदीत हाक मारत. बेन म्हणायची, "अरे भाई, अभी बात किया, सो रहा है वो." काका खालून म्हणायचे, "उठाओ. पूछो, पलंग हिला क्या." आणि बेन बिचारी त्याला उठवायची. तो मुलगा डॉक्टर होईल तो काकांमुळे, कारण पहाटे उठण्याची सवय त्याला यांनी लावली.

आता नकाशा. दर नव्या वर्षी काका जिन्याखालच्या भिंतीवर जगाचा नवा नकाशा चिकटवत आणि वर्षभरातले मोठे भूकंप त्यावर टिकल्यांनी दाखवत. काकू गेल्या तेव्हा त्यांच्या ड्रॉवरमध्ये टिकल्यांची पाकिटं उरली होती. ती कुणाला द्यावीत हे काकांना सुचेना, आणि टाकवेनात. लहान काळी टिकली म्हणजे मध्यम धक्का, मरून म्हणजे मोठा, ठळक लाल म्हणजे फार मोठा. खड्यांची जी टिकली काकू फक्त लग्नाला लावत, ती सगळ्यांत मोठ्या भूकंपासाठी राखलेली होती, आणि ते पाकीट फोडायची वेळ येऊ नये अशी त्यांची इच्छा असे. गेल्या वर्षी जुलैत रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला कामचाटकात ती वेळ आली. काका पँट दुमडून पाण्यातून नकाशापर्यंत गेले, खडे पुसले आणि टिकली लावली. वर्ष संपताना पॅसिफिक महासागराच्या कडेने असं तोरण लागायचं की नवीन आलेल्या भाडेकरूंना वाटे, ही सोसायटीची सजावट आहे.

तुम्ही मार्चच्या सुट्टीत आलात तेव्हा म्यानमारचा मोठा भूकंप झाला होता. ठळक लाल टिकली लावायचा मान काकांनी ओजसला दिला, आणि त्यांची पाठ वळताच सईने एक हिरवी टिकली घेऊन थेट भाईंदरवर चिकटवली. तेवढ्या नकाशात भाईंदर कुठलं सापडायला! टिकलीखाली अर्धा गुजरात आणि सगळं कोकण झाकलं गेलं. काकांचा चेहरा उतरला. नखाने ती काढायला गेले, सईकडे पाहिलं आणि थांबले. "असू दे," म्हणाले. "हिरवी आहे. हिरवा भूकंप नसतो. हा आपला पत्ता समजू."

त्यानंतर ते शिट्टीचं प्रकरण झालं. एका सकाळी इमारत थरथरली. काकांनी अशी शिट्टी फुंकली की चारही मजले धडाधड आवारात उतरले. बेन देवघरातला बाळकृष्ण आणि छुंद्याची बरणी घेऊन आली. मी कागदपत्रांची फाइल आणली, कारण ती दाराजवळच असते, आणि का कोण जाणे, पोळपाट. एक गृहस्थ अर्धी दाढी करून. काका मोबाइल चाळत होते, पण जगात कुठेही काही झालेलं नव्हतं. पलीकडच्या प्लॉटवर पाया ठोकण्याचं मशीन सुरू झालं होतं, एवढंच. दुसरा कुणी ओशाळला असता. काकांनी कवायत घेणाऱ्या मास्तरांसारखं आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाले, "तिसरा मजला. उशीर." तेव्हा बेनने वर बघत अगदी साधा प्रश्न विचारला, "लेकिन भाई, हम सब यहाँ खड़े हैं, तो बिल्डिंग गिरेगी किस पे?"

आवार केवढंसं, आणि त्यावर वाकलेली चार मजल्यांची इमारत. काकांनी वर पाहिलं ते बराच वेळ पाहतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जो येईल त्याला भिंतींची सहल घडवायला सुरुवात केली. ही भेग, ही तिची बहीण, हे सज्ज्याचं उघडं पडलेलं लोखंड. पोस्टमन, दूधवाला, बेनचे पाहुणे, कुणी सुटलं नाही. थोड्याच आठवड्यांत सगळ्यांच्या मनात इतकी धास्ती बसली की वर्षानुवर्षं कुणाचंच एकमत न झालेल्या आमच्या सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव हात वर करून मंजूर केला. काकांचाही हात वर होता. मग बिल्डरने आराखडा टेबलावर पसरला. तळमजल्यावर सगळी पार्किंग. काकांचं घर चौदाव्या मजल्यावर.

त्या दिवसापासून काका सही करेनात. बाकीच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. बिल्डरचा माणूस येऊन समजावून गेला की नवे टॉवर भूकंपात थोडे हलतात, म्हणूनच टिकतात. काका म्हणाले, "हलू द्या की. मी आत नसताना." सेक्रेटरी चिडले. आमच्या बाथरूमच्या छताचा एक तुकडा बादलीत पडला, तेव्हा मीही चिडले. काका सगळं ऐकून घेत, भेगा आणखी वाढल्याचंही स्वतःच दाखवत, आणि पेन परत देत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. इमारत रोज थोडी झडत होती, आणि तिचं काय करायचं ते तिला सर्वांत जास्त भिणाऱ्या माणसावर अडलं होतं.

डिसेंबरातली ती संध्याकाळ तुम्हाला तुमच्या बाजूने आठवत असेल. माझ्या बाजूने ती अशी. तुमच्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती, आमच्याकडे टीव्हीवरच्या मालिकांची वेळ. खालून हाक आली, "ताई. जपान. उत्तर. सात. फोन." सात हा आकडा मी त्या खिडकीत पूर्वी ऐकला नव्हता, आणि उत्तरेला, समुद्राकाठी, तुम्ही. मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. टीव्हीवर समुद्राच्या लाटेचा इशारा दाखवू लागले. खिडकीत जाऊन हात हलवायचा असतो हे माझ्या डोक्यातूनच गेलं.

मग दाराची बेल वाजली. दारात काका. इतक्या वर्षांत त्यांनी माझं दार पाहिलं नव्हतं. एका हाताने चौकट घट्ट धरलेली, कपाळावर घाम, आणि चप्पल कुठेतरी जिन्यात राहिलेली.

"लागला?"

"नाही."

मी स्टूल दिलं. ते आत आले नाहीत. चौकटीच्या बरोबर खाली स्टूल ठेवून बसले. मी चहा टाकला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. मधूनमधून मी फोन लावत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं, हे मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी त्यांनी सांगितलं, तेही मोजक्याच शब्दांत. "मी तार ऑफिसात. ड्यूटीवर. मुंबईभर लोकांच्या तारा पोचवत होतो. माझ्या गावची लाइन बंद. आई होती, थोरला भाऊ होता. मला कुणी सांगितलंच नाही, ताई. रस्त्यावर लोक पेपर वाचत होते, त्यांच्या खांद्यावरून मी वाचलं." एवढं बोलून ते चहा प्यायले. "म्हणून मी खाली उभा राहतो. कळायला उशीर नको."

त्यानंतर फोन वाजला. तुमचा बाबा वाऱ्यात ओरडत होता, आई, आम्ही टेकडीवर आहोत, शाळेच्या मैदानात, मुलं ब्लँकेटमध्ये गुरफटली आहेत, सगळे ठीक. मी ते मोठ्याने काकांना सांगितलं. सगळे ठीक. वर गेलेत. टेकडीवर.

"वर," काका म्हणाले.

"हो. लाट येऊ शकते म्हणून वर नेलं सगळ्यांना."

ते उठले, पहिल्यांदा माझ्या घरात आले, आणि भिंतीला धरत धरत खिडकीपर्यंत गेले. खाली आवारात त्यांच्या नेहमीच्या जागी सगळी इमारत उभी होती. काका जिना चढले, हे बघूनच लोक समजले होते की काहीतरी झालंय. बेन मान वर करून पाहत होती, तिच्या शेजारी सेक्रेटरी. काकांनी खिडकीतून हात हलवला आणि सांगितलं, "जपान. सगळे. ठीक." खालून बेन रडवेल्या आवाजात म्हणाली, "तो भाई, अब नीचे कैसे आओगे?" तो खरा प्रश्न होता. माझे गुडघे आणि त्यांची भीती, आम्ही एकमेकांना धरून एकेक पायरी उतरलो. खाली आल्यावर त्यांनी आधी जपानवर टिकली लावली आणि मग चप्पल शोधली.

त्याच आठवड्यात त्यांनी सही केली. मला एवढंच म्हणाले, "पोरं वर गेली म्हणून बरी राहिली. मग मी खालीच बसायचा हट्ट कुणासाठी करू?" सहीच्या वेळी त्यांनी बिल्डरला एकच अट घातली. चौदाव्या मजल्यावरची खिडकी आवाराकडे हवी, खाली कुणी उभं असेल तर दिसलं पाहिजे. बिल्डरच्या माणसाला ती अट कळली नाही, पण त्याने लिहून घेतली.

टॉवर व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत काकांनी भाईंदरातच, खारी गावात एक बैठं घर भाड्याने घेतलं आहे, आणि दारापासून मोकळी जागा एका ढांगेवर आहे. मीही भाड्याच्या घरात आले आहे. इथे लिफ्ट आहे, आवार मोठं आहे, आणि खिडकीखाली कुणी नसतं. जपान हलला की काका आता फोन करतात, तेच मोजके शब्द. मी तुमच्याशी बोलते, त्यांना कळवते, आणि फोन ठेवल्यावर खिडकीत जाऊन उभी राहते. कशाला, ते मलाही सांगता येत नाही. चौदाव्या मजल्यावर काका खरंच राहायला जातील का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांचं वय आणि माझं वय सारखंच आहे.

यंदा त्यांनी नवा नकाशा लावलाच नव्हता; जाताना गेल्या वर्षीचाच भिंतीवरून सोडवून मला आणून दिला. कडा फाटल्या आहेत. पावसाळ्यात भिंतीला ओल आली होती, त्यामुळे पुष्कळ टिकल्यांचा गोंद सुटला. चिली गळलं, ग्रीस गळलं, कामचाटकाच्या टिकलीचे दोन खडे पडले. नकाशा मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. सई, तुझी हिरवी टिकली भाईंदरवर अजून आहे.

तुमची आजी