माझ्याकडे तर चालतंय

वहिनींचा फोन आला तेव्हा मी विनायकवर वैतागूनच बसलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं नवं पॅकेज पाठवलं होतं, ते माझ्या कॉम्प्युटरवर धड चालत नव्हतं, आणि हा पठ्ठ्या फोन उचलत नव्हता. स्क्रीनवर त्याचं नाव दिसताच मी सुरू झालो, "अरे लेका, काय पाठवलंयस हे?" पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले हो…"

आम्ही दोघं ऐरोलीत एकाच ऑफिसात होतो. पोटापाण्याचं काम ते. खरा उद्योग रविवारचा, ऐरोलीतच विनायकच्या घरी. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीवर मराठी शुद्धलेखन तपासायला लागते ती शब्दयादी आम्ही दोघंच सांभाळायचो. शब्द मी गोळा करायचो, आणि कुणालाही एका फटक्यात आपल्या कॉम्प्युटरवर बसवता येईल असं त्यांचं पॅकेज तो बांधायचा. सगळा फुकटचा धंदा! "दोघांना एकच खूळ, औषध तरी कुणाला द्यायचं?" म्हणत वहिनी पोह्यांच्या बशा मागच्या खोलीत आणून द्यायच्या. मी घणसोलीत एकटाच राहतो. कुणाशी मनसोक्त भांडायचा माझा तेवढाच एक दिवस होता.

भांडण बहुतेक सिमलिंकवरून. सिमलिंक म्हणजे फाइल नव्हे, फाइलीकडे बोट दाखवणारं नुसतं नाव. आमची यादी एकच, पण एक प्रोग्राम तिला एका नावानं शोधतो, दुसरा दुसऱ्या. मग नक्कल न करता दुसऱ्या नावाची लिंक ठेवायची. गोम अशी, की पॅकेज बांधताना सगळा पसारा आपल्याच कॉम्प्युटरवर एका तात्पुरत्या फोल्डरात मांडलेला असतो. लिंकमध्ये तिथला पूर्ण पत्ता गेला, की आपल्याकडे सगळं झकास चालतं आणि दुसऱ्याकडे लिंक हवेत बोट दाखवत बसते. मी सुरुवातीला हेच करायचो आणि वर म्हणायचो, "माझ्याकडे तर चालतंय!" मग विनायक चष्मा कपाळावर चढवायचा. "तुझ्याकडे चालतंय रे, पण सगळे काय घणसोलीला येणारेत राहायला? फाइल शेजारीच आहे ना? मग 'शेजारी बघ' एवढंच सांग की तिला."

दिवसकार्य उरकल्यावर मी त्याचं ते शेवटचं पॅकेज पुन्हा उघडलं. दुसरं नाव लाल दिसत होतं, म्हणजे बोट दाखवलंय तिथं काहीच नाही. पत्ता वाचला… त्याच्याच घरच्या फोल्डराचा, मधोमध त्याचं नाव. ही चूक, आणि विनायकची? याच चुकीवरून इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं त्यानं! मग लक्षात आलं. त्या संध्याकाळी त्याला बरं वाटत नव्हतं, दुसरं काय? तसाच रेटत बसला असणार, आणि मला एका शब्दानं बोलला नाही. भयंकर राग आला. अजून येतो.

दुरुस्ती एका ओळीची. लोक नव्या पॅकेजची वाट बघत होते, रोज कुणीतरी विचारत होतं. पण ती ओळ बदलायची म्हणजे त्याचं नाव मीच पुसायचं… हात धजावेना. शेवटी रविवारी उठून ऐरोली गाठली.

मागच्या खोलीत कॉम्प्युटर सुरूच होता. "बंद करायला गेले होते एकदा," वहिनी म्हणाल्या, "पण नाही करवलं. पंख्याची घरघर ऐकू येते, तेवढीच सोबत." मला त्याच्या खुर्चीवर बसवेना. माझं नेहमीचं स्टूल ओढलं आणि तीच लिंक उघडली. लगेच यादी उघडली. आमचे सगळे शब्द, जागच्या जागी.

लोकांसाठीचं पॅकेज तिथंच बसून नीट केलं. लिंकमध्ये 'शेजारी बघ' एवढंच ठेवलं, त्यानं शिकवलं तसं. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिंकला मात्र हात लावला नाही.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "काही बिघडलंय का हो भावजी, त्यात?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "इथं चालतंय."