सगळीकडे माया सोडणारे मास्तर

अंगात जितकी अक्कल त्याहून जास्त माया, असे आमचे टेलर मास्तर. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बरं का. उद्या गिऱ्हाईक अंगाने सुटलं तर उसवून सैल करता येतं. कपड्याला हे शोभतं, पण मास्तरांनी जगात सगळीकडेच माया सोडायचा विडा उचललेला. चपला एक नंबर मोठ्या घ्यायचे आणि फटक फटक करत चालायचे.

पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान, मागच्या खोलीत कंबरेचं हाड मोडलेली आई. तिला एकटीने उठायची बंदी. उठायचं झालं की ती उशाच्या ताटावर चमचा बडवायची आणि मास्तर धावायचे. पण गिऱ्हाइकांसमोर तो ठणठणाट! मास्तरांना लाज वाटायची. म्हणून त्यांनी बिनतारी बेल करायला घेतली. आईच्या हातात बटण, दुकानात घंटी. बटणाच्या डबीत बसेल अशी लिथियमची चपटी बॅटरी हवी होती.

सुट्या भागांच्या दुकानदाराने बिचाऱ्याने नीट समजावलं. "मास्तर, बटणाला वीज लागते चिमूटभर. ही लहान बॅटरी घ्या, हिच्यावर जादा वीज रोखणारी संरक्षणाची पट्टी आहे. आणि हा चार पॉइंट दोन व्होल्टचा चार्जर. भरली की आपोआप थांबतो."

"नेमकं चार पॉइंट दोन? अरे, नेमक्या मापाचा सदरा कोणी शिवतं का? श्वास घ्यायला जागा नको?"

"बॅटरीला श्वास घ्यायचा नसतो, मास्तर."

पण ऐकतील ते मास्तर कसले! त्यांनी बिनपट्टीची मोठी बॅटरी उचलली. चार्जर घेतलाच नाही. घरी जुन्या रेडिओचा सहा व्होल्टचा पडला होता. त्याच्या तारा सोलल्या आणि थेट जोडल्या. वरचे जवळजवळ दोन व्होल्ट माया!

दुपारी बघतात तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. दुसरा कोणी असता तर घाबरून लांब पळाला असता. मास्तर खूष. "वा! पोटभर जेवलेली दिसतेय." डबीचं झाकण लागेना, तर त्यावर कापडी खोळ शिवली आणि वर काजही केलं! आईच्या हातात देताना बजावलं, "आता ताट बंद. बटण दाबायचं."

"आणि नाही वाजली तर?"

"वाजणारच!"

संध्याकाळी शाळेतल्या एक बाई ब्लाउज घालून बघायला आल्या. मास्तर टाचण्या तोंडात धरून बाहीचं माप घेत असतानाच आतून ठण ठण ठण!

"मास्तर, ताट वाजतंय."

"वाजू दे हो. खरी गरज असती तर बेल वाजली असती."

काय हा माणूस! आत आई ताट बडवतेय आणि हे गृहस्थ बेलच्या मौनावर विश्वास ठेवून बाही टाचतायत. शेवटी बाईंनीच टाचण्यांसकट आत धाव घेतली. आई पलंगाच्या कडेला अर्धी लोंबकळत होती. बाईंनी सावरलं म्हणून वाचली. डबी खिडकीबाहेर अंगणातल्या फरशीवर धूर सोडत पडलेली.

मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"दाबून दाबून बोट दुखलं. वाजली तर नाहीच, तापली मात्र निखाऱ्यासारखी," आई म्हणाली. "फेकायला उठावं लागलं मला. ये शहाण्या, आता धर तरी."

दुसऱ्या दिवशी मास्तर मान खाली घालून पट्टीची लहान बॅटरी आणि तो नेमका चार्जर घेऊन आले. बेल छान वाजली. अजूनही वाजते. पण प्रत्येक बेलच्या पाठोपाठ ताटावर एक सणसणीत टोला असतोच.

"अगं आई, बेल वाजली ना! ताट कशाला?"

"असू दे," म्हातारी म्हणते. "माया सोडलेली बरी."