टॅबलेटवर मराठीत घेतलेल्या नोट्स

यजमान गेले, रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं, आणि मी झाशीतच ओरछा गेटजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलगी म्हणाली, "आई, पुण्याला ये." गेले नाही. त्यांच्या नोकरीपायी झाशीत आले त्याला इतकी वर्षं झाली होती की परत जायचं म्हणजे कुठे, हेच मला सांगता येईना. दिवस मात्र खायला उठायचा. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी कॉलेजात इतिहासाच्या एम. ए.ला नाव घातलं.

माझी नजर अधू. फळ्यावरचं दिसायचं, पण वहीतलं स्वतःचंच अक्षर नंतर लागायचं नाही. मुलीनं टॅबलेट आणि पेन पाठवलं. "यावर लिही, हवं तेवढं मोठं करून वाच. ॲप तुझं तू निवड, प्रत्येकाला वेगळं आवडतं."

पहिल्या ॲपमध्ये हात टेकला की तळव्याच्या रेघा उमटत. हात अधांतरी धरून लिहायचं तर तास संपेपर्यंत खांदा भरून यायचा. दुसऱ्याची शाई सुरेख होती, पण थोडी पानं भरली आणि ऐन तासात त्यानं पुढचं पान द्यायला पैसे मागितले. तिसरं मात्र मला फार आवडलं. आपण हातानं लिहावं आणि त्यानं त्याची छापील अक्षरं करून द्यावीत. भाषांमध्ये हिंदी होती, मराठी नव्हती. म्हटलं, लिपी तर एकच आहे.

घरी येऊन नोट्स उघडल्या. मी लिहिलं होतं 'त्या काळी नदीजवळची गावं'. पडद्यावर 'काली' आणि 'नदीजवल' असं काहीबाही. 'आहे'चं 'आ है' झालं होतं. मी पुन्हा ठसठशीत ळ काढला. त्यानं पुन्हा ल केला. मग मी तो शब्द मोठ्यानं म्हटला, "जवळ." खोलीत माझाच आवाज ऐकून चमकले. यजमान गेल्यापासून आपण हे अक्षर तोंडानं उच्चारलेलंच नाही, असं वाटलं. दूधवाल्याशी हिंदी, घरमालकिणीशी हिंदी. मुलीशी फोनवर मराठी बोलायची, पण ती घाईत असायची, आणि आमचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे फारसं जायचं नाही.

वर्गात माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. ती पडद्यात डोकावून म्हणाली, "आंटीजी, आप हिंदी में ही लिख लीजिए ना. पेपर भी तो हिंदी में देना है."

तिचं खरं होतं. दोन दिवस मी हिंदीत लिहून पाहिलं. सर हिंदीत बोलत ते भराभर कानावर पडे, पण हात मागे राही. ऐकलेलं माझ्या हातापर्यंत मराठीतूनच पोचतं, हे तेव्हा कळलं.

शेवटी एक साधं ॲप घेतलं. ते काही वाचत नाही, काही सुधारत नाही. खालच्या चौकटीत मोठं अक्षर काढायचं, वर पानावर ते बारीक होऊन ओळीत बसतं. हात टेकला तरी चालतो.

हिवाळ्यात वर्गातल्या त्या मुलीला कावीळ झाली. बरी होऊन आली तेव्हा माझ्याकडेच नोट्स मागू लागली. मी म्हटलं, "बेटा, सब मराठी में है."

"दीजिए तो." पायऱ्यांवर उन्हात बसून ती अडखळत वाचू लागली. मग हसून म्हणाली, "मला समजते थोडा-थोडा. आमचे लोक गुरसरायचे. पापा घर में बोलते हैं, हम लोग हिंदी में जवाब देते हैं."

गुरसराय म्हणजे झाशीजवळचं, पेशवाईपासून मराठी घरं असलेलं गाव, आणि इतके महिने ती माझ्या शेजारी बसली होती! त्या दिवशी आम्ही तास बुडवला. ती वाचायची, अडलं की विचारायची, "आंटीजी, 'वगैरे' तो समझ गई, ये 'बहुधा' क्या?" मी सांगत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच. पुढे परीक्षेपर्यंत ती मला 'मावशी' म्हणू लागली. तिच्या तोंडी ते 'मौसी'कडे झुकायचं, पण मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिचं लग्न ठरलं. ती भोपाळला गेली, अभ्यास सुटला. सुरुवातीला तिचे निरोप यायचे, हळूहळू सणावारी फुलांची चित्रं तेवढी येऊ लागली. तिच्या जागी कुणी बसलं नाही. मी एकटीच लिहीत राहिले.

निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. पुण्याला मुलीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती. सदर बाजारातून शेअरची ऑटो पकडली आणि न राहवून चालकालाच सांगितलं, "भैया, मैं एम. ए. पास हो गई."

"किस में, माताजी?"

"इतिहास में."

"बहुत बढ़िया," तो म्हणाला, आणि वाटेत हात दाखवणाऱ्या दोन बायकांसाठी त्यानं ऑटो थांबवली. मी सरकून त्यांना जागा दिली.