गुंडुरावांच्या चाकूची तक्रार

आमच्या गल्लीत कुणाच्या जास्वंदीला दोन रंगांची फुलं आली, की ती कुणाची करामत हे विचारावं लागत नाही. लष्कर मोहल्ल्यात आमच्यापासून तिसरं दार गुंडुरावांचं. त्यांचे वाडवडील कापड रंगवायचे, छापायचे. गुंडुराव स्वतः छत्तीस वर्षं एका छापखान्यात पुस्तकं बांधत होते, आणि निवृत्त झाल्यावर झाडांची कलमं बांधायला लागले. पुस्तक असो की कलम, काप सरळ हवा आणि बांधणी घट्ट हवी, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. गच्चीवर हिरव्या जाळीखाली त्यांची शंभरेक रोपं आहेत. कृष्णराजनगरची माणसं येऊन बदामी आंब्याची कलमं घेऊन जातात.

मी कचेरीत कारकून होतो. माझ्या हातून कढीपत्तासुद्धा जगला नाही. मला लिहिण्याचीही सवय नाही, तेव्हा हे नीट उतरेल की नाही कुणास ठाऊक. पण गुंडुरावांविषयी लिहायचं तर आधी कबूल करायला हवं, की मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांच्यात खोट सापडली असती तर बरं झालं असतं. ती सापडत नाही, म्हणून जास्त वाटतो.

माझी बायको तुंगा कुठल्याही झाडाकडे पाहून म्हणते, "गुंडुरावांना दाखवायला हवं." मी शेजारी उभा असलो तरी म्हणते.

आमची नात पूजिता बेंगळुरूला नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिने सगळ्यांना काही ना काही आणलं. मला रक्तदाब मोजायचं यंत्र. गुंडुरावांना घडीचा चाकू. लहानपणी ती त्यांच्या गच्चीवर तासन् तास बसायची, तेव्हा त्यांना काय आवडेल हे तिला ठाऊक होतं. माझ्याविषयी तिला फक्त माझा रक्तदाब ठाऊक होता.

चाकू सुरेख होता. पातं उघडलं की मुठीतली पोलादी पट्टी टक् करून त्याच्या मागे बसायची आणि मग पातं मिटत नसे. गुंडुरावांनी तो उघडून पाहिला, मिटला आणि आमच्या कट्ट्यावर ठेवला. मी तिथून उचलला. चाकू ते कधी हातात देत नाहीत. हातात दिला की भांडण होतं म्हणतात. मी दोन-तीनदा टक् केलं आणि परत ठेवून दिला. पूजिता त्यांच्याकडेच पाहत होती.

जुलैमध्ये भाचीच्या लग्नासाठी गुंडुराव तीन दिवस टी. नरसीपूरला गेले. रोपांना पाणी घालायला त्यांनी मला किल्ली दिली. गच्चीवर पत्र्याच्या डब्यात चाकू होता. दोन दिवस मी नुसतं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी चाकू खिशात घालून घरी आलो. त्यांची एक बदामीची काडीही कापून आणली.

आमच्या न्हाणीमागे कोयीतून आपोआप उगवलेलं आंब्याचं झाड आहे. तुंगा देवळात गेली होती. ती यायच्या आत कलम करावं, आणि महिन्याभराने पालवी फुटली की सहज सांगावं, असं माझ्या मनात होतं. खोड कापून मधोमध चीर पाडायची आणि काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्यात बसवायची, हे मी शंभरदा पाहिलं होतं. खोड जाड असलं की गुंडुराव पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकतात, हेही पाहिलं होतं. मीही ठोकलं. पातं खोडात अडकलं. मूठ पिळून पिळून ते सोडवलं. काडी खोचली, प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, चाकू पुसला आणि डब्यात ठेवून आलो. गुंडुराव त्यांचा जुना, अखंड लोखंडाचा चाकू ठोकतात, घडीचा नव्हे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आठवड्याने गुंडुराव आले, तेव्हा त्यांच्या तर्जनीला कलमाचीच पट्टी गुंडाळलेली होती. काडी तासताना चाकू आपोआप मिटला म्हणाले. नखावर निभावलं. तुंगा हळद आणायला आत धावली. मी त्या बोटाकडे पाहत बसलो.

तिने पूजिताला फोन लावला. पूजिता म्हणाली, घाबरू नका, त्याला वॉरंटी आहे. स्क्रू वगैरे कुणी पिळू नका, फॉर्म भरून कंपनीकडे पाठवा. "अज्जाला सांगा. अज्जाचं इंग्लिश छान आहे, अल्वा, हो ना?"

अज्जा म्हणजे मी, तिचा आजोबा. तर तक्रार लिहायची माझ्यावर आली. कचेरीच्या सवयीने मी फॉर्मच्या दोन प्रती काढल्या आणि दोन्हींवर आधी गुंडुरावांची सही घेतली. त्यांनी कोऱ्या फॉर्मवर कन्नडमध्ये सही केली, वाचायलाही मागितलं नाही. सातवा प्रश्न होता: चाकूवर कशाने ठोकलं होतं का, त्याने काही उचकटलं होतं का? मी त्यांना मराठीत सांगितला.

"मी नाही ठोकला," गुंडुराव म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही लिहा, रायरे, काय ते." मला ते रायरे म्हणतात, रावसाहेब म्हणावं तसं.

मी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, आत काय आहे? चाकू, मी म्हणालो. नवा की वापरलेला, कुणी वापरलेला, तिने विचारलं. तिला नेहमीचंच विचारायचं असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर ते बोट आलं. खोटं हमखास पचलं असतं, पण ते मी गुंडुरावांच्या सहीनिशी लिहिलं होतं. बाकावर बसून मी दुसरी प्रत काढली, पहिलीऐवजी ती भरली आणि सातव्या प्रश्नापुढे लिहिलं: मालक परगावी असताना एका शेजाऱ्याने पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकलं. 'मी' लिहायचं धाडस झालं नाही. आणि कंपनीची माणसं कुठे लष्कर मोहल्ल्यात यायची आहेत?

कंपनीने उत्तर पूजिताला पाठवलं. बिल तिच्या नावावर होतं.

चाकू परत आला त्याच रविवारी ती घरी होती. कट्ट्यावर कॉफी चालली होती, गुंडुरावही होते. तिने फोनवरचं पत्र मराठीत वाचून दाखवलं. दगडाने ठोकणं वॉरंटीत बसत नाही, तरी खरं सांगितल्याबद्दल या वेळी पट्टी बदलून दिली आहे. शेजाऱ्याला कृपया समज द्यावी.

"शेजारी कोण?" पूजिताने विचारलं.

"दत्तोजीराव," तुंगा ताबडतोब म्हणाली. दत्तोजीराव आमच्या आणि गुंडुरावांच्या मधल्या घरात राहतात. "त्यांना दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची खोड आहेच. मी आत्ता विचारते."

ती खरंच उठली. पायरी उतरलीसुद्धा.

"मी," मी म्हणालो. "मी ठोकला."

तुंगा पायरीवर तशीच उभी राहिली. गुंडुरावांनी कॉफी संपवून पेला खाली ठेवला.

"मला ठाऊक होतं. मी पुसून ठेवून गेलो होतो. आलो तर फटीत आंब्याचा चीक. दगडाचं मात्र सुचलं नाही, नाहीतर आधी पट्टी तपासली असती." मग विचारलं, "झाड कुठाय?"

सगळे न्हाणीमागे गेलो. माझी काडी काळी पडून वाळली होती. गुंडुरावांनी वाकून पाहिलं.

"बांधलंय चांगलं," ते म्हणाले. "काडी तेवढी उलटी लावलीत, रायरे. डोळे जमिनीकडे."

पूजिता इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्यांनी मला हसावं, रागवावं, असं मला वाटत होतं. तेवढा तरी एक दोष सापडला असता. ते घरी गेले, ताजी काडी घेऊन आले, आणि चाकू न्हाणीच्या दगडावर ठेवला. "उचला," म्हणाले. "पाऊस अजून आहे. होईल." जुनं खोड त्यांनी सांगितलं तिथे मी कापलं, चीर मी पाडली, काडी मी बसवली, पट्टी मी बांधली. ते पाठीमागे हात बांधून उभे होते. पट्टीलाही त्यांनी हात लावला नाही.

पंचवीस दिवसांनी तांबूस पालवी आली. तुंगाने सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. गुंडुरावांनी तिला तीनदा सांगितलं की हे रायरांचं काम आहे.

"गुंडुराव असेच," ती सगळ्यांना सांगते. "करतात स्वतः आणि नाव दुसऱ्याचं पुढे करतात."