साक्षीचं हिंदी

भिवंडीजवळ वडप्याला हायवेच्या कडेला बाळाराममामाचं गोडाऊन आहे. त्याचा वरचा माळा रविवारी रिकामा असायचा, म्हणून दुपारी तिथे प्रार्थनासभा भरायची. एका सतरंजीवर आसपासच्या गावांतल्या मराठी बायका, दुसरीवर लूम कामगारांच्या घरच्या हिंदी बोलणाऱ्या बायका, आणि मधे माइकजवळ तुळजा. मराठीत कुणी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कशातून सोडवलं ते उभं राहून सांगितलं, की वाक्यामागून वाक्य ते हिंदीत सांगायचं हे तिचं काम.

तुळजा दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगची सुपरवायझर होती. बिहार-ओडिशाच्या पोरांवर शिफ्टभर ओरडून तिचं हिंदी तयार झालं होतं. पास्टर मनोजनी तिला एकच नियम घालून दिला होता. "'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. ती 'मी' म्हणाली की तू 'मैं' म्हण. साक्ष पोचली पाहिजे."

त्यामुळे तुळजा दर रविवारी कुणाकुणाची होऊन जायची. "मेरा पति शराबी था." "मुझे संतान नहीं थी." एकदा "मेरे घुटने का ऑपरेशन टल गया" म्हणाली, तर समोरची एक बाई तिला न्याहाळत म्हणाली, "हाय, इतनी-सी उमर में?" सगळा माळा हसून हसून लोळला.

तिची स्वतःची साक्ष मात्र कुणी ऐकली नव्हती. "आईचं दुखणं बरं झालं, तीच माझी साक्ष," असं म्हणून ती वेळ मारून न्यायची.

ती शाळेत असताना तिचे वडील गेले. मामाने बहिणीला आणि भाचीला आपल्याकडे आणलं, गोडाऊनच्या मागची खोली दिली. मामा देवासारखा धावून आला, असं गाव म्हणालं. त्याच खोलीत, आई भाजीची पाटी घेऊन भिवंडीला गेली की, मामा यायचा आणि आतून कडी लावायचा. तुळजाने एकदा आईला, काशीला, सांगितलं. काशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "डोक्यावरचं छप्पर त्याचं हाय."

तुळजा कामाला लागली तेव्हा ते थांबलं. खोली मात्र तीच राहिली. आजही मामा फाटकाशी खुर्ची टाकून बसला की चहा तिनेच नेऊन द्यायचा. आणि सभेच्या शेवटी पास्टर प्रार्थना करायचे, "ज्यांनी ही जागा दिली त्या बाळारामभाऊंना आशीर्वाद दे." तुळजा डोळे मिटून म्हणायची, "आशीष दे, प्रभु." देवापुढे गुडघे टेकावेत, तर खालची फरशीही मामाचीच.

त्या रविवारी कोन गावची मैना साक्षीला उठली. मैना मासळी विकायची. आवाज बाजारात कमावलेला.

"मी ल्हान व्हते," ती म्हणाली. "माझ्या चुलत्यानं माझ्यावर जबरदस्ती केली."

तुळजाच्या तोंडून निघालं, "मेरे चाचा ने मुझे तकलीफ दी."

मैनाने झटकन मान वळवली. "तकलीफ? तकलीफ तं काट्याची व्हते गो. मी येवढी हिंमत करून बोलते, आन् तू तिच्यावर पदर टाकतेस? बोलले तसं सांग."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तुळजाने माइक घट्ट धरला. "मेरे चाचा ने मेरे साथ ज़बरदस्ती की."

"कोनाला सांगितलं न्हाय. माझीच लाज, असं वाटायचं. मंग इथं ऐकलं, येशू मेलेल्यातनं उठला तरी हाताच्या जखमा त्यानं झाकल्या न्हाईत. लोकांना दाखवल्या. मंग मी कशाला झाकू? पाप माझं न्हाय." एवढं बोलून मैना खाली बसली.

तुळजाने ते सगळं सांगितलं. "पाप मेरा नहीं है," इथपर्यंत आली. तिथे थांबायचं होतं. ती थांबली नाही.

"दरवाज़ा अंदर से बंद होता था," ती म्हणाली. "मैं दीवार की तरफ़ देखती रहती थी. बाद में उसी को चाय देनी पड़ती थी. आज भी देती हूँ."

मराठी बायकांना काही वेगळं वाटलं नाही. हिंदी नेहमी लांबायचंच. हिंदी बायका डोळे पुसत मैनाकडे बघत होत्या. फक्त पुढे बसलेल्या काशीच्या हातातला रुमाल खाली पडला.

"मामा ने कहा, किसीको बोला तो माँ-बेटी सड़क पर."

"मामा?" एकीने विचारलं. "चाचा बोली थी ना?"

"मी मामाचं कवा बोलले?" मैना म्हणाली, आणि तुळजाकडे बघता बघता गप्प झाली.

पास्टर हळूच म्हणाले, "तुळजा, भाषांतरात काही चुकलं का?"

हो म्हटलं की सुटली असती. काशीने तिच्याआधीच म्हणून टाकलं, "चुकली ती. ड्युटी करून आलीय, झोप न्हाय पोरीला."

"न्हाय चुकले," तुळजा म्हणाली. "मैनाताईचं कवाच संपलं. फुडचं माझं हाय."

पास्टरांचा चेहरा उतरला. "सिस्टर, आपण नंतर बोलू. नाव नको... जागा..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.

"क्या हुआ? क्या बोल रही है?" हिंदी बायका विचारू लागल्या. तुळजाने सवयीने तोंड उघडलं, पण हिंदी उमटेना.

मैना उठली आणि तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बोल गो. माझं हिंदी बाजारातलं हाय, पन चालंल."

"माझ्या मामानं," तुळजा म्हणाली. "बाळारामनं."

"मेरे मामा ने," मैना म्हणाली. "बाळाराम ने."

काशी उठली आणि जिन्यापर्यंत गेली. खाली फाटक होतं, मागे ती खोली. वरच्या पायरीवर ती कठडा धरून उभी राहिली. ना खाली उतरली, ना वळून परत आली.

तिच्या पाठीकडे बघत तुळजाने पुढचं वाक्य म्हटलं, "आईला मी तवाच सांगितलं व्हतं."

मैना क्षणभर घुटमळली. मग तेही तिने हिंदीत सांगितलं.